सदाशिवानं बसवलेली चार दारं

एक कागद घ्या, आणि पेन्सिल. कागद जवळ नसेल तर डोळे मिटून मनातल्या मनात काढा, तेही चालेल.

एक उभी पेटी काढा. आडव्या रेघा मारून तिचे आठ मजले करा. जमिनीलगतचा तो पहिला, असं धरूया. खालच्या दोन मजल्यांवर 'दुकानं' असं लिहा. वरचे सहा मजले घरांचे. तिथं दर मजल्यावर चार-चार दारं काढा. घाई करू नका. दारं वाकडी झाली तरी हरकत नाही, पण मोजून काढा. सहा चोक चोवीस. झाली? आता एका बाजूनं खालपासून वरपर्यंत जाणारा जिना काढा, म्हणजे आपली इमारत तयार झाली.

ही इमारत तंजावुरात आहे, राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर, बाजाराच्या तोंडाशी. गावात तिला 'एट्टु माडी' म्हणतात, म्हणजे आठ मजली. साठ वर्षांपूर्वी एका विमा कंपनीनं ती बांधली, तेव्हा मोठ्या देवळाचं शिखर सोडलं तर गावात तिच्याहून उंच काही नव्हतं. तिरुवैयारूहून, पापनाशमहून माणसं बसनं यायची ती नुसती तिच्यातली लिफ्ट बघायला. पुढे कंपनी उठली, कचेऱ्या उठल्या, लिफ्ट बंद पडली आणि वीस वर्षं इमारतीला कुलूप राहिलं. मग मुरलीकृष्ण नावाच्या गृहस्थांनी ती घेतली. खाली दुकानं आणि वर राहती घरं करायची, असा त्यांचा बेत. ते काम करून घ्यायला त्यांनी एक इंजिनियर नेमली. तिचं नाव कनकलता.

कनकलता राजवाड्यामागच्या गल्लीतली. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि कामावर थोडी इंग्रजी, अशी तिन्ही भाषांत वावरणारी. तिला एकच खोड होती, मोजायची. जिना चढताना ती पायऱ्या मोजायची. पाट्यावर वाटताना हाताचे फेरे मोजायची. तिचा नवरा वरुणराव मस्कतला नोकरीला होता. तो फोनवर चिडवायचा, "काय गे, आज श्वास किती घेतलेस?" नऊ वर्षांची मुलगी प्रिया तिच्यापाशी असायची. पूर्ण नाव लक्ष्मीप्रिया, पण ते फक्त शाळेच्या हजेरीत.

काम वर्षभर नीट चाललं. कचेऱ्यांचे लाकडी आडोसे निघाले, साठ वर्षांचं प्लास्टर सोलून नवं झालं, नळ फिरले, तारा फिरल्या. भाद्रपदात दारं आली. शिसवी रंगाची, जाड, चोवीस. ती बसवायला सदाशिव सुतार आला. कनकलताच्या पूर्वजांसारखे त्याचे पूर्वजही मराठी राजांबरोबर इकडे आलेले. सदाशिव रोज एक मजला करायचा. तिसऱ्यापासून सुरुवात करून रोज चार दारं लावायची आणि उतरायचं. सहा दिवसांत तो मोकळा झाला.

सातव्या दिवशी कनकलता गच्चीवर चालली होती, आणि आठव्या मजल्यावर थबकली. चार चौकटी उघड्या होत्या. दार एकालाही नव्हतं.

"सदाशिव, वरची दारं राहिली की रे."

"कुठली वरची, अक्का? चोवीसच्या चोवीस लावली. बिजागऱ्यांचा डबा बघा, एक उरली नाही."

"मग आठव्यावर ये आणि दाखव."

सदाशिव वर आला. त्यानं चारी चौकटींवरून हात फिरवला. लाकडाला स्क्रूचं एक भोकसुद्धा नव्हतं. 

"सहा दिवस काम केलं, सहा मजले केले," तो म्हणाला. "सहा झाले तेव्हा संपलं म्हणून उतरलों. वर अजून एक आहे हे मला कसं कळणार? अक्का, मी सुतार आहे, चोर नाही."

"चोर कोण म्हणालं?"

"तुम्ही नाही. मालक म्हणतील."

मालक म्हणाले, पण सदाशिवाला नाही. मुरलीकृष्ण आले, हात मागं बांधून आठव्या मजल्यावर फिरले, आणि कनकलताकडे वळले. "चार दारं, मॅडम. खिशात घालून नेण्यासारखी वस्तू नव्हे. दोन माणसं लागतात एक उचलायला. मग काय, चालत कावेरीवर आंघोळीला गेली?" कामगार हसले. ते स्वतः हसले नाहीत. "किल्ल्या तुमच्याजवळ. सही तुमची. विजयादशमीला पहिली कुटुंबं घर बघायला येणार आहेत. तोवर दारं जागेवर दिसू द्या. नाही दिसली तर मी पोलिसांत नाव देईन, आणि ते सुताराचं नसेल."

त्या दिवसापासून कनकलतानं घर हलवलं. तिसऱ्या मजल्यावरचं एक घर पूर्ण झालं होतं. तिथं तिनं दोन चटया, एक स्टोव्ह आणि प्रियाचं दप्तर नेऊन टाकलं. चोर पुन्हा आला तर त्याला पकडायचं, एवढाच तिचा हिशेब. चोवीस घरांच्या त्या इमारतीत राहणाऱ्या त्या दोघीच. फाटकापाशी मणी नावाचा म्हातारा राखणदार होता, पण तो खाली.

एक गोष्ट कनकलतानं तेव्हा कुणाला सांगितली नाही, कारण ती तिला सांगण्यासारखी वाटली नाही. एका दुपारी वरुणरावाशी फोनवर बोलत बोलत ती गच्चीपर्यंत चढली. बोलण्याच्या नादात पायऱ्या मोजायच्या राहिल्या. वाटेत कुठल्याशा मजल्यावर हिंगाच्या फोडणीचा वास आला, आणि एका दाराखालून पाणी ओघळून उंबरा ओला झालेला दिसला. कामगार स्वयंपाक करत असतील, असं तिला वाटलं. कामगार तर खाली, पिंपळाखाली जेवत होते, हे तिला गच्चीवरून दिसलं. तिच्या फोनात दिवसाचं चालणं मोजणारी सोय होती. तिथं त्या दुपारी नऊ मजले चढल्याची नोंद होती. जमिनीवरून गच्ची म्हणजे आठ. फोन जुना झाला, असं म्हणून तिनं तो पिशवीत टाकला.

मणीला मात्र तिनं सहज विचारलं, "वर कुणी जेवण करतं का हो?"

"मी वर जात नाही, मॅडम."

"कधीच?"

"जातो की. पाण्याची टाकी बघायला जातो. पण जाताना मोजत जातो. सरळ टाकीशी पोचतो." त्यानं विडीची राख झटकली. "न मोजता गेलं की पाय फार दुखतात."

एवढं बोलून तो फाटक झाडायला गेला.

मग नवरात्र आलं. तिकडे नवरात्रात घरोघर कोलू मांडतात. एकावर एक पायऱ्या रचायच्या, वर पांढरं कापड घालायचं आणि देवांच्या, राजाराणीच्या, वाण्याच्या, भाजीवालीच्या बाहुल्या ओळीनं बसवायच्या. घरातली मुलगी हातात कुंकवाचा करंडा घेऊन दारोदार जाते आणि बायकांना बोलावून येते. बायका संध्याकाळी येतात, चटईवर बसतात. त्यांना गाणं म्हणायला सांगायचं. गाणं झालं की विडा आणि सुंडल, म्हणजे नारळ घातलेले उकडलेले हरभरे, हाती द्यायचे. बोलावण्याचे नियम दोन. एका ओळीतलं एकही दार वगळायचं नाही. कुलूप असलं तर चौकटीला कुंकवाचं बोट लावून पुढं जायचं. बोट लागलं म्हणजे बोलावणं झालं. आणि बोलावलेल्याला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही.

प्रियानं सिमेंटच्या पोत्यांवर फळ्या टाकून तीन पायऱ्या केल्या आणि गल्लीतल्या घरून आणलेल्या अकरा बाहुल्या मांडल्या. पाच संध्याकाळी ती चटई टाकून बसली. कुणी आलं नाही. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, तिथं धूळ फार, आणि जिन्याला अजून कठडा नाही.

सहाव्या दिवशी ती पावडं, म्हणजे पायघोळ परकर, घालून, वेणीत अबोली माळून आईसमोर उभी राहिली. "अम्मा, मी बोलावायला जाऊ?"

कनकलतासमोर दारांच्या पावत्या पसरल्या होत्या. विजयादशमीला चार दिवस उरले होते. तिनं मान वर केली नाही. "जा."

"कोणाला बोलावूं?"

"दारं आहेत तेवढ्यांना बोलाव."

चूक झाली ती इथं. पण कनकलताला ती चूक वाटली नाही. रिकाम्या घरांच्या चौकटी, पोर खेळेल घटकाभर, एवढंच तिच्या मनात आलं.

प्रिया परत आली तेव्हा दिवे लावायची वेळ झाली होती. करंड्यातलं कुंकू संपत आलं होतं, आणि तिचं बोट पेरापर्यंत लाल होतं.

"झालं सगळ्यांना?"

"झालं. चोवीस."

कनकलतानं आता मान वर केली. "वीस, प्रिया. आठव्या मजल्याला दारं नाहीत."

"ठाऊक आहे. तिथं नाही लावलं. दारच नाही, तर घर कुठलं?"

"मग वीस झाली."

"चोवीस, अम्मा. मी मोजली नाहीत, पण एकेका मजल्याची दारं झाली की खडूनं हातावर एक रेघ काढली." तिनं हात पुढं केला. मनगटावर पांढऱ्या सहा रेघा होत्या.

तुमच्या कागदावरच्या वरच्या चार दारांवर फुली मारा. आता उरलेली मोजा. मीही मोजली आहेत. कनकलतानं तर पायात चप्पल न घालता वर धाव घेतली, प्रियाचा हात धरून. तिसरा मजला, चार बोटं. चौथा, चार. पाचवा, सहावा, सातवा, चार-चार. प्रत्येक दाराच्या चौकटीवर, एकाच उंचीवर, प्रियाच्या खांद्याइतक्या, कुंकवाचं एक बोट. वीस. आठव्यावर एकही नाही.

"उरलेली चार कुठं?"

प्रिया गोंधळून जिन्याच्या खाली बघत होती. "मधे होती. पाचव्यानंतर. तिथं खिडकीत तुळस होती." तिनं लाल बोट आईपुढं धरलं. "मी खोटं नाही बोलत."

"त्या दारांचा रंग कसा होता?"

"आपल्या दारासारखाच. नवा वास येत होता."

कनकलता पाचव्या आणि सहाव्या मजल्यामध्ये चार वेळा वरखाली झाली. दर खेपेला बावीस पायऱ्या. तिनं टेप लावून उंची घेतली. भिंतीवर मुठीनं ठोकून पाहिलं. भिंत भरीव होती. तिला ओरडावंसं वाटत होतं, आणि कुणावर ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, सातव्या संध्याकाळी, ती आत हरभऱ्यांना फोडणी घालत होती. बाहेरच्या खोलीत पायरव झाला, बांगड्या वाजल्या. प्रिया म्हणाली, "या, बसा." कनकलताला बरं वाटलं. गल्लीतल्या बायका शेवटी आल्या तर. मग गाणं सुरू झालं. तीन-चार बायकांचा एकत्र, संथ आवाज. शब्द मराठीच होते. तिच्या पणजीच्या तोंडी असावेत असे, निम्मे कळणारे, निम्मे नाही. तिनं हात पुसले आणि सुंडलचं पातेलं घेऊन बाहेर आली.

खोलीत प्रिया एकटीच होती. चटईवर धुळीचा कण नव्हता. ताटातले चार विडे गेले होते.

"कोण आल्या होत्या गे?"

"मधल्या मजल्यावरच्या." प्रियाच्या कपाळावर ओलं, ताजं कुंकू होतं. दुपारी तिनं टिकली लावली होती. "किती गोड गातात, ना? म्हणाल्या, आता तू ये."

शहाण्या आईनं त्याच घटकेला पोरीला उचलून गल्लीतलं घर गाठलं असतं. कनकलतानं पिशवी भरायला घेतलीही. दोन परकर भरले. मग तिचा हात थांबला. तीन दिवसांनी मुरलीकृष्ण येणार. पोलीस येणार. वरुणराव मस्कतला, आणि गल्लीभर एकच बोलणं होणार, की राजवाड्यामागची कनकलता दारं चोरते. आणि ती दारं कुठं आहेत हे एका माणसाला ठाऊक आहे. त्या माणसाचं वय नऊ.

तिनं परकर परत काढले.

नवव्या दिवशी, ऊन अजून जिन्यात असताना, ती प्रियाला म्हणाली, "मला दाखवतेस?"

"तू मोजणार नाहीस?"

"नाही मोजणार."

दोघी हात धरून निघाल्या. कनकलतानं डोळे प्रियाच्या वेणीवर ठेवले. वरुणरावाला आठवलं. देवीचं नाव घेतलं. पाचवा मजला मागे पडला. हिंगाचा वास आला. 

आणि मनात, आपोआप, कुणी सांगितल्यासारखं आलं: सतरा. अठरा.

ती सहाव्या मजल्यावर उभी होती. तिच्या मुठीत काही नव्हतं.

"प्रिया?"

खालून उत्तर नाही. वरून उत्तर नाही.

"प्रिया!"

"ओरडू नको, अम्मा," आवाज आला. अगदी जवळून, भिंतीइतक्या जवळून. "लोक बसले आहेत."

कनकलतानं भिंतीला दोन्ही तळवे लावले. भिंत कोमट होती. "त्यांना सांग," ती म्हणाली, आणि आपण हे काय बोलतो आहोत ते तिचं तिलाच कळेना. "सांग, आमची चार दारं आहेत. ती आम्हांला हवीत."

 मग बोलणं, पुष्कळ बायकांचं, हळू. कुणीतरी हसलं.

प्रिया खालच्या वळणावरून चढत आली. दम लागला नव्हता.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, घेऊन जा." प्रियानं जरा आठवून पाहिलं. "म्हणाल्या, दारं काय करायची आहेत आम्हांस? आम्हांस येणंजाणं हवं."

विजयादशमीच्या सकाळी आठव्या मजल्यावर चार दारं होती. कड्या घट्ट, बिजागऱ्या तेल घातलेल्या. सदाशिवानं एक उघडून मिटलं, वाकून खालच्या बाजूची स्वतःची पेन्सिलची खूण पाहिली, आणि हत्यारांची पिशवी न घेताच जिना उतरला. चारी चौकटींवर, प्रियाच्या खांद्याइतक्या उंचीवर, कुंकवाचं एकेक बोट होतं.

मुरलीकृष्ण खूश झाले. "पाहिलंत? पोलिसांचं नाव काढलं की दारंसुद्धा चालत घरी येतात." घर बघायला आलेल्या कुटुंबांना त्यांनी पेढे वाटले. कनकलताचं नाव कुणी घेतलं नाही. वाईटही नाही, चांगलंही नाही.

संध्याकाळी त्या कुटुंबांतल्या बायका कोलू बघायला थांबल्या. खऱ्या बायका, खऱ्या चपला, दाराबाहेर आठ जोड. कनकलता विडे लावत होती. ते मोजायचं तिनं मुद्दाम टाळलं. आज इथून निघायचं, एवढं तिनं ठरवलं होतं. पिशवी भरून दारामागं ठेवली होती. प्रियाला तिनं आत, मोरीत तोंड धुवायला पाठवलं होतं. आतून पाणी पडल्याचा आवाज येत होता.

बाहेरच्या उघड्या दारावर टकटक झाली.

प्रिया बाहेर उभी होती. तेच पावडं, तीच अबोली. तिनं चपला काढल्या, रांगेच्या शेवटी नीट जोडून ठेवल्या, आणि आत बोलावायची वाट बघत थांबली.

मोरीतलं पाणी अजून पडत होतं.

"ये की गे आत," एक बाई कौतुकानं म्हणाली. "कुठल्या मजल्यावरची तू?"

"मधल्या," म्हणत प्रिया आत आली. चटईच्या काठावर, पाहुण्यानं बसावं तशी, पाय दुमडून बसली. गाणं म्हण म्हटल्यावर म्हणाली. संथ, निम्मं कळणारं. बायकांनी छान छान म्हटलं. कनकलताच्या हातातून विडा पुढं झाला तो कुणी ढकलल्यासारखा. प्रियानं तो दोन्ही हातांनी घेतला, पदराचं वय नव्हतं म्हणून पावड्याच्या ओच्यात ठेवला, आणि उठली.

तिनं आईकडे पाहिलं. शेजारच्या घरातल्या कुठल्याही बाईकडे पाहावं तसं, हसून.

"जाऊन येतें हं, मामी," ती म्हणाली. तिनं चपला पायात घातल्या आणि जिन्यानं वर चढू लागली, खाली न बघता, रोजच्या पायाखालच्या जिन्यावरून घरी जावं तशी.